घर कुत्र्यांच्या शाळेला

मिस्त्रीने रविवारी सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच सांगून टाकलं, की माझ्यामागे हे घर कुत्र्यांच्या शाळेला जाणार. मुलाचा कप ओठांपाशी थांबला. मुलाच्या मामाचा थांबला नाही. मामाने आधी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मग विचारलं, "कुणाला?"

"कुत्र्यांच्या शाळेला. दिसत नाही त्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करतात ती. तुमच्या बहिणीला जिथून मिळाली होती."

"म्हणजे दाजी, इथे कुत्री राहायला येणार?"

"कुत्री काय करतील घर घेऊन? ते विकतील आणि त्यातून शाळा चालवतील. कुत्र्यांना तसाही आपला जिना आवडत नाही."

हा विनोद होता, पण हसलं कुणी नाही.

घर म्हणजे खाली कामाची एक मोठी खोली आणि वर राहायच्या दोन. खालच्या खोलीत मिस्त्री खुर्च्या करायचा, मोडलेल्या जोडायचा, आणि त्याची बायको खिडकीजवळ बसून वेताच्या बैठका विणायची. एकतीस वर्षं दोघांनी त्या खोलीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून काम केलं. पाच महिन्यांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणून झोपली ती उठलीच नाही. खिडकीजवळ एक खुर्ची अर्धी विणलेली होती. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, आणि मिस्त्रीने दोन्ही वेळा सांगितलं, ती मिळणार नाही, दुसरी घेऊन जा.

"बाबा," मुलगा म्हणाला, "आईने असं सांगितलं होतं का?"

मिस्त्रीने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. गेलेल्या बाईच्या शब्दापुढे मामासुद्धा गप्प बसला असता. पण मिस्त्री म्हणाला, "नाही. ती यातलं काही बोलली नाही. हे मी सांगतोय."

"झालं," मामा म्हणाला. "डोकं फिरलं. बायको गेली की होतं माणसाचं असं. सहा महिने कुठल्याच कागदाला हात लावू देऊ नये."

"तुम्ही माझा हात धरून ठेवणार का सहा महिने?"

"वेळ आली तर धरीन."

मुलाने मामाला खुणेनेच थांबवलं. तो तसा भांडखोर नव्हता. दोन स्टॉप पलीकडे त्याचं स्वतःचं घर होतं, बायको होती, बरी नोकरी होती. "मला घर नकोय," तो म्हणाला. "मला आहे घर. पण द्यायचंच तर कुणालाही द्या हो, यांना कशाला? आईने अर्ज दिला आणि पावणेतीन वर्षं ताटकळत ठेवलं तिला यांनी. पावणेतीन वर्षं आई या खोलीत बसून होती. त्यांना घर?"

इथे मिस्त्रीची मान खाली गेली. "माझं ठरलंय," एवढंच तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

तिचे डोळे एका दिवसात गेले नव्हते. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं, आणि पंचेचाळीस पूर्ण होईपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. कामात तिचं काही अडलं नाही. विणताना ती आधीही हाताकडे फारसं बघत नव्हती, आणि गिऱ्हाइकं तर म्हणायला लागली की हल्ली बैठका जास्त ताठ येतात. अडलं ते दाराबाहेर. बाहेर जायचं तर मिस्त्रीचा दंड धरायचा. मिस्त्री कधी नाही म्हणाला नाही. हातातला रंधा टाकून उठायचा. 'थांब, मी येतो,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुकानात जायचं असो, मैत्रिणीकडे जायचं असो, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं असो, थांब, मी येतो. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. आणि ती हळूहळू कुठे जायचं म्हणेनाशीच झाली.

शाळेची माहिती तिने स्वतःच काढली. रेडिओवर ऐकलं, फोन केला, मैत्रिणीला बसवून अर्ज भरून घेतला. मग ती लांबलचक वाट बघणं झालं, आणि पन्नासाव्या वर्षी कुत्री आली. फिकट पिवळी, अंगाने भरलेली, कधी घाईत नाही. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी तिला 'बाईसाहेब' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

शाळेतली शिकवणारी पंधरा दिवस रोज यायची. तीस-बत्तिशीची, मोठ्या आवाजाची, पायात कायम चिखलाचे बूट. तिने घरातल्यांना नियम सांगितले. अंगावर पट्टा आणि वर धरायची दांडी असली की बाईसाहेब कामावर आहेत. तेव्हा हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. पट्टा काढला की मग काय ते लाड करा. आणि एक, कुत्री सांगितलेलं ऐकते, पण पुढे धोका असेल तर ऐकत नाही. तिला तसंच शिकवलेलं असतं. एकदा मिस्त्रीच्या बायकोने 'पुढे' म्हटलं आणि बाईसाहेब ढिम्म. पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म. ती चांगली पाच मिनिटं रागावली, मग पायाने चाचपलं तर समोर गटाराचं झाकण उघडं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता घरात दोघी झाल्यात, माझं न ऐकणाऱ्या."

पण त्याला सगळ्यात जास्त आठवायची ती पहिली फेरी. शिकवणारी यायची थांबली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बायको एकटी बाईसाहेबांना घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन आली.

"कुणाचं डोकं दुखतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"कुणाचं नाही. तिथे जाऊन काय मागायचं ते ठरवलंच नव्हतं."

पुढची चार वर्षं ती बाहेरच असायची म्हटलं तरी चालेल. गल्लीतल्या बातम्या आता ती मिस्त्रीला सांगायची.

ती गेल्यावर बाराव्या दिवशी शिकवणारी बाईसाहेबांना परत न्यायला आली. कुत्री सहाच वर्षांची होती, अजून काही वर्षं काम करणार होती, आणि यादीत माणसं थांबलेली होती. मुलाला तेव्हाही राग आला होता. आई गेली तर गेली, बाबांजवळ तेवढा एक जीव होता, तोही नेला. मिस्त्रीने स्वतः पट्टा पुसून दिला. दोन महिन्यांनी त्याने बाईसाहेबांना बाजाराच्या रस्त्यावर पाहिलं, एका उंच, तरण्या माणसाबरोबर. अंगावर पट्टा होता. मिस्त्री पलीकडच्या फुटपाथवर गेला आणि आपला वास तिला जाऊ नये म्हणून एका दुकानात शिरून उभा राहिला. हाक मारली नाही.

तर मृत्युपत्र. मिस्त्रीने ते आपल्या हाताने एका कागदावर लिहून काढलं आणि सरळ शाळेत गेला. त्याच्या मनात होतं, दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक सही शिकवणारीची. बायकोला तिच्याइतकं कोण ओळखत होतं?

शिकवणारीने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "काका, मला नाही सही करता येणार."

"का?"

"घर आम्हाला मिळणार ना? मग आमच्यातल्या कुणाचीच सही चालत नाही. उद्या कुणी म्हणेल, यांनीच म्हाताऱ्याला गुंडाळला."

"मी गुंडाळला जाणारा वाटतो तुला?"

"नाही हो. पण न्यायाधीश तुम्हाला कुठे ओळखतो? वकील करा. आमचा नको, तुमचा तुम्ही शोधा. आणि मुलाला सांगून करा."

"सांगितलंय."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार. त्याला तुम्ही लोक आवडत नाही."

शिकवणारी हसली. "पावणेतीन वर्षांवरून ना? तीनदा फोनवर भांडलाय तो माझ्याशी. मी म्हटलं, एवढे दिवस कसे लागले बघते. पण कागद शोधेपर्यंत तुमचा नंबरच लागला, मग राहून गेलं." मिस्त्रीने कागद खिशात घातला आणि निघाला.

इकडे मामाने गल्ली पालथी घातली होती. दाजींची तब्येत बरी नाही, डोक्यावर परिणाम झालाय, कुणी कसल्या कागदावर सही करू नका. मिस्त्री औषधवाल्याकडे गेला तेव्हा औषधवाला काचेमागे उगाचच बाटल्या लावत बसला. "घरच्या भांडणात मला नका ओढू, मिस्त्री."

"भांडण कुठलं? मी शुद्धीवर आहे आणि सही केली, एवढंच बघायचंय तुम्हाला."

"तेच तर. शुद्धीवर आहात का, याबद्दलच लोकांचं..."

"तुमचं काय मत?"

औषधवाल्याने बाटली फिरवून लेबल पुढे केलं. "मला मत नाही."

समोरच्या इस्त्रीवाल्याने तर दारातूनच विचारलं, "मिस्त्री, ऐकलं ते खरं का? कुत्र्यांच्या नावावर घर?" मिस्त्री म्हणाला, "खरं. तुला हवं होतं का?" इस्त्रीवाला आत गेला.

वकीलबाई साठीच्या होत्या. त्यांच्या ऑफिसातल्या चारही खुर्च्या डुगडुगत होत्या आणि मिस्त्रीचं अर्धं लक्ष तिकडेच. त्यांनी त्याच्या हातचा कागद बाजूला ठेवला आणि सगळं नव्याने लिहून घेतलं. शाळेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, घराचा पत्ता, हयात असेपर्यंत घर त्याचंच, त्यानंतर शाळेचं.

"कारण काय लिहू? पत्नीची इच्छा?"

"तिची इच्छा नाही. माझी."

"तिची म्हटलं तर मुलाला पचायला सोपं जाईल."

"बाई, जी आता बोलू शकत नाही तिच्या तोंडी मी माझं बोलणं घालणार नाही."

वकीलबाईंनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. "बरं. साक्षीदार माझ्या ऑफिसातले देते. डॉक्टरांचा दाखला जोडू. पण खरं सांगते, मुलगा कोर्टात गेला तर दोन-चार वर्षं लोंबकळेल. वडील दुःखाने भ्रमिष्ट झाले होते, हे म्हणायला सोपं असतं. मुलाला यात काही ठेवलंय?"

"नाही. माझी जास्तीची हत्यारं त्याला परवाच देऊन टाकली. तो भिंतीत एक खिळा सरळ मारत नाही, पण दिली."

"मृत्युपत्रातून ज्याला काही मिळत नाही, तो साक्षीदार होऊ शकतो," वकीलबाई म्हणाल्या. "मी फक्त कायदा सांगतेय."

मिस्त्रीने वाकून आपल्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय चाचपला. मग म्हणाला, "गुरुवारी बोलावतो त्याला."

गुरुवारी मुलगा आला, आणि त्याच्यामागे बोलावलं नसताना मामा. वकीलबाईंनी मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. आपल्याला कशासाठी बोलावलंय हे कळलं तेव्हा मुलाचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही मला घरातून काढून टाकणार आणि मी त्याच्यावर सही करायची?"

"तुला साक्षीदार व्हायचंय, एवढंच."

"थट्टा आहे ही," मामा म्हणाला. "चल रे."

"जायचं तर जा," मिस्त्री म्हणाला. "मी तुझ्यामागे, चोरून हे करणार नाही म्हणून बोलावलं. उद्या तू कोर्टात उभा राहून म्हणशील, बाप शुद्धीवर नव्हता. मग आजच बघून घे. काय विचारायचं ते विचार. या बाई बसल्यात, मामा बसलाय. विचार."

मुलगा उभाच होता. "एकच विचारतो. ज्यांनी आईची पावणेतीन वर्षं खाल्ली, त्यांनाच का?"

"दोन वर्षं त्यांनी घेतली," मिस्त्री म्हणाला. "कुत्री कमी होती, माणसं जास्त. एक कुत्रं तयार करायचं म्हणजे खर्च किती, मेहनत किती, ते नंतर मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून घर."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नऊ महिने मी घेतले."

मिस्त्रीने समोरचा कागद सरळ केला.

"तिने अर्ज भरून माझ्याकडे दिला होता. त्यावर घरातल्या एकाची सही लागायची, घरच्यांची हरकत नाही अशी. तिने सांगितलं, सही करा आणि पोस्टात टाका. मी टाकला नाही. खाली फळ्यांच्या मागे ठेवला. दर आठवड्याला ती विचारायची, उत्तर आलं का? मी म्हणायचो, नाही आलं."

"का?" मुलाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"राग आला होता. मी एवढा तिच्याबरोबर जातो, येतो, आणि हिला माझ्याऐवजी कुत्रं हवंय. माझा दंड कमी पडला का, असं वाटलं. आणि खरं सांगू, ती माझा दंड धरून चालायची ते मला आवडायचं. लोक बघायचे."

"दाजी," मामा म्हणाला. त्याची खुर्ची डुगडुगली.

"मग एका आठवड्यात तिने विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तेव्हा मी घाबरलो. सही केली आणि पळत जाऊन टाकला."

"आईला कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"मी शाळेत फोन करून भांडलो. नाही नाही ते बोललो त्या बाईला. तीनदा." मुलगा एकेक शब्द वेगळा ठेवत होता. "तुम्ही शेजारी उभे होतात."

"होतो."

"आणि गप्प राहिलात."

"राहिलो. आता विचार, मी शुद्धीवर आहे का?"

मुलगा खिडकीकडे गेला आणि परत आला. टेबलावर दोन्ही हात टेकून त्याने तो कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. "करा तुमची सही," तो म्हणाला. मिस्त्रीने केली. मग मुलाने पेन जवळजवळ ओढूनच घेतलं.

"अरे, काय करतोस?" मामा उठला. "घर जातंय."

"जाऊ दे. भ्रमिष्ट माणूस इतकं नीट सांगत नाही, मामा." त्याने सही केली, खाली तारीख घातली. "हे मी तुमच्यासाठी करत नाही," तो वडिलांना म्हणाला. "आणि रविवारी मी येणार नाही. पुढच्याही नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

दुसरी सही वकीलबाईंच्या कारकुनाने केली. मामा तोवर निघून गेला होता. मिस्त्री जाता जाता म्हणाला, "बाई, खुर्च्या पाठवून द्या. पाय झिजलेत."

चार रविवार कुणी आलं नाही. मिस्त्रीने वकीलबाईंच्या चारही खुर्च्या नीट केल्या. गल्लीत त्याच्याबद्दल बोलणारे दोन गट झाले. मामाने सगळं सांगितल्यामुळे आता अर्धे म्हणायचे म्हातारा वेडा, आणि अर्धे म्हणायचे म्हातारा लबाड. मिस्त्रीने दोघांनाही दुरुस्त केलं नाही. शाळेतून मात्र जाडसर कागदावर आभाराचं पत्र आलं, दारावरच्या फलकावर तुमच्या पत्नीचं नाव लावू का, असं विचारणारं. त्याने मागच्या बाजूला लिहून ते परत पाठवलं: नाव लावू नका. तिने काही दिलं नाही, तिला फक्त वाट बघायला लागली.

पाचव्या रविवारी मुलगा आला. बसला नाही. रंध्याच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

"यादी केवढी आहे आता?"

"दीड वर्षाची, म्हणे."

"म्हणजे आत्ता कुणीतरी बसलंय घरात. आईसारखं."

"बसलंय."

"आणि तुमचं घर त्यांना मिळणार तुम्ही गेल्यावर." मुलाने टेबलावरचा भुसा बोटाने बाजूला सारला. "तुमची तब्येत तर ठणठणीत आहे. वीस वर्षं कुठे गेली नाहीत. म्हणजे याही वेळी तुम्ही उशीरच लावणार."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग काय करू? उद्या मरू?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा," मुलगा म्हणाला आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी मिस्त्री शाळेत जाऊन उभा राहिला. शिकवणारी हौदाजवळ एका कुत्र्याला अंघोळ घालत होती. "मी जिवंत आहे तोवर तुमच्या काय उपयोगाचा आहे?" त्याने विचारलं. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मुलाचा फोन तिला आदल्या दिवशी येऊन गेला होता, हे तिने नंतर सांगितलं. मुलाने माफी मागितली होती, आणि तीही भांडल्यासारखीच.

"काका, पैसे कसेही गोळा होतात," ती म्हणाली. "घरं मिळत नाहीत. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की वर्षभर कुणाच्या तरी घरी वाढवावी लागतात. जिन्यावर, गर्दीत, आवाजात. लोक नको म्हणतात. कुरतडतात, रात्री रडतात, आणि वर्षाने परत द्यायची म्हणजे रडायची पाळी आपल्यावर."

"माझ्याकडे जिना आहे," मिस्त्री म्हणाला. "आवाजही आहे."

"आणि खुर्च्यांचे पाय आहेत," शिकवणारी म्हणाली.

पिल्लू काळं निघालं. पहिल्याच आठवड्यात त्याने दुरुस्तीला आलेल्या डॉक्टरच्या आरामखुर्चीचा एक पाय, मिस्त्रीची एक चप्पल आणि सुतळीचं अख्खं रीळ संपवलं. डॉक्टरला मिस्त्रीने सांगितलं, पाय नवा बसवून देतो, पण पिल्लाला ओरडायचं असेल तर खुर्ची दुसरीकडे न्या. मुलाने पिल्लू येऊन एकदाच पाहिलं, गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहिलं, आणि जाताना मिस्त्रीशी न बोलता सगळ्या चपला उचलून वरच्या फळीवर ठेवल्या.

मामा एका दुपारी दारात येऊन उभा राहिला. बहिणीच्या घरी यायचं त्याने सोडलं होतं, पण ऐकलेलं खरं आहे का ते बघितल्याशिवाय त्याला राहवेना.

"आता हे पण?"

"हे पण."

"वर्षाने हेही नेणार ते. तेव्हा काय कराल?"

"दुसरं आणीन."

"आणि घर द्यायचं, कुत्रं वाढवून द्यायचं, सगळं त्यांनाच. दाजी, यात तुमच्या हाती काय लागतं, ते तरी सांगा."

मिस्त्रीने पिल्लाच्या गळ्यात दोरी अडकवली. रस्त्यावर भाजीची गाडी उतरत होती, कुणीतरी पत्रा ठोकत होतं, शाळेतून सुटलेली पोरं ओरडत होती. म्हणजे पाहिजे तेवढा आवाज होता. पिल्लू मामाच्या बुटांपाशी येऊन अडलं आणि लेसचा वास घ्यायला लागलं.

"मामा, तुम्ही जरा पायरीवरून बाजूला व्हा," मिस्त्री म्हणाला. "याला रस्ता बघायचाय."